मैदान सुधारायचंय? आधी पाणी कुठे जातं ते बघा

मैदानाचं काम हाती घेणाऱ्या तरुण मंडळींचा पहिला दिवस बहुतेक वेळा कुंपण रंगवण्यात आणि रोपं लावण्यात जातो. दोन्ही कामं लगेच दिसतात, फोटोही छान येतात. पण पावसानंतर तीन-तीन दिवस पाणी साचून राहणाऱ्या मैदानावर कुणी खेळायला येत नाही, आणि खेळ थांबला की तिथे कचरा, झुडपं आणि उभ्या केलेल्या गाड्या यायला वेळ लागत नाही. म्हणून कामाचा क्रम असा धरा: आधी पाणी, मग उतार, मग दबाई, त्यानंतर खेळाची साधनं आणि सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम उलटला तर नव्या बाकाखालूनच चर न्यायची पाळी येते.

कुदळ उचलण्याआधी

जागेची मालकी कोणाची आणि देखभाल कोणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उत्तरंही बऱ्याचदा वेगळी निघतात. दोन्हीकडून लेखी परवानगी घ्या. त्यात कोणतं काम करणार, कोणत्या दिवशी करणार, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कशी ठरणार आणि काम संपल्यावर मैदान कोण सांभाळणार, हे चारही मुद्दे असू द्या. सोबत मापांसह हाताने काढलेला नकाशा जोडा. तोंडी "करा की" यावर उभं राहिलेलं काम पहिल्या तक्रारीला थांबतं.

त्याच भेटीत जमिनीखालून वीज, पाणी, सांडपाणी किंवा टेलिफोनची लाइन जाते का, ते विचारून घ्या. जिथे जाते तिथे फक्कीने खूण करा. खुणेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरपर्यंत मशीन अजिबात नको. तिथे फावड्याने हळूहळू माती काढायची, पहार मारायची नाही. वर बघायलाही विसरू नका. विजेच्या तारांखाली लांब पाइप उभा करणं जिवावर बेतू शकतं.

मैदान कोण वापरतं हे गृहीत धरू नका. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि एका सुट्टीच्या दिवशी तासभर बसून मोजा. जे येतात त्यांच्याइतकंच जे येत नाहीत त्यांच्याकडे लक्ष द्या. मुली येत नसतील तर पूर्ण जागा एकाच खेळाने व्यापलेली आहे का, आत-बाहेर जायला एकच अरुंद वाट आहे का, अंधार लवकर पडतो का, हे त्यांनाच, आणि वेगळं बसून, विचारा. सगळ्यांसमोर घेतलेल्या बैठकीत ही उत्तरं मिळत नाहीत. लोकांनी चालून पाडलेल्या पायवाटाही नकाशावर घ्या. त्यांच्यावर कुंपण घातलं तर ते वाकवलं जाणार. त्यापेक्षा तीच वाट १.५ मीटर रुंद करून पक्की करा. तिचा उतार २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीलाही ती चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाची पाहणी, जी बहुतेक जण टाळतात: जोराचा पाऊस चालू असताना मैदानावर जा. डबक्यांच्या कडेकडेने काड्या रोवा आणि पाऊस थांबल्यावर त्या नकाशावर उतरवा. पाणी बाहेरून कुठून आत शिरतं ते शोधा. शेजारच्या छपराचं, रस्त्याचं किंवा वरच्या चढाचं पाणी मैदानात उतरत असेल, तर ते वरच्या कडेलाच अडवून वळवल्यावर निम्मं काम होतं. आतल्या खड्ड्यांत कितीही भराव टाकला तरी बाहेरून येणारं पाणी तो वाहून नेतं.

मातीची परीक्षा

मैदानाच्या तीन-चार ठिकाणची, वरचा गवताचा थर बाजूला करून १५ सेंमी खोलीवरची माती घ्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि बरणी स्थिर ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ दोन-तीन तासांत, चिकणमातीला मात्र दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. वरचा चिकण थर जितका जाड, तितकं पाणी मुरायला कठीण.

दुसरी परीक्षा खड्ड्याची. ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, संध्याकाळी पाण्याने भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती सेंमी उतरतं ते पट्टीने मोजा. पहिल्या दिवशीचं माप धरू नका, कारण कोरडी माती सुरुवातीला पाणी पटकन पिते आणि फसवते. तासाला २.५ सेंमी किंवा जास्त उतरलं तर उतार नीट काढणं पुरेसं होतं. तासाला १ सेंमीही उतरत नसेल तर पाणी मुरण्याची आशा सोडा आणि सगळं पाणी वरच्यावर बाहेर काढायची योजना करा.

चिकणमातीवर थोडीशी वाळू मिसळून ती सुधारेल, असं अनेकांना वाटतं. होतं उलट: चिकणमातीच्या कणांत वाळू रुतून बसते आणि वाळल्यावर पृष्ठभाग विटेसारखा कडक होतो. तेवढ्या मातीत फरक पडण्याइतकी वाळू आणणं स्वयंसेवकांच्या आवाक्यात नसतं. खेळाच्या जागेसाठी मुरूम आणि गवताच्या जागेसाठी कुजलेलं खत मिसळलेली माती, हा सोपा मार्ग.

उतार काढणं

मैदान सपाट असावं असं म्हणतात, पण अगदी सपाट मैदान म्हणजे उथळ तलाव. गवताच्या मैदानाला १ ते १.५ टक्के उतार लागतो, म्हणजे १० मीटरला १० ते १५ सेंमी. मातीच्या कोर्टाला अर्धा ते एक टक्का पुरतो. एवढा उतार खेळताना जाणवत नाही, पाणी मात्र वाहतं. रुंद मैदानावर एकाच बाजूला उतार देण्यापेक्षा मधून उंच आणि दोन्ही कडांना खाली असा आकार चांगला, कारण पाण्याला जायचं अंतर निम्मं होतं.

माप घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी, १५ ते २० मीटर लांब, पुरते. तिच्यात रंग घातलेलं पाणी भरा आणि एकही बुडबुडा राहणार नाही असं बघा. मैदानावर दर ५ मीटरला खुंट्या ठोका. ४० बाय २५ मीटरच्या मैदानाला लांबीत ९ आणि रुंदीत ६, अशा ५४ खुंट्या लागतील. नळीच्या दोन्ही टोकांना मापाची पट्टी उभी धरा आणि दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर एकाच वेळी वाचा. एकीकडे १०० सेंमी आणि दुसरीकडे ११२ आलं तर दुसरी जागा १२ सेंमी खोल आहे. मोठा आकडा म्हणजे खालची जमीन, हे वहीच्या वरच लिहून ठेवा, नाहीतर तासाभराने कुणीतरी उलट लिहायला लागतं.

नळीच्या मापात दोन चुका नेहमी होतात. वाचताना एका टोकावर अंगठा राहतो आणि पाणी अडून बसतं. किंवा नळीचा एक भाग तापल्या उन्हात आणि दुसरा सावलीत पडलेला असतो, त्यामुळे पातळीत थोडा फरक येतो. दोन्ही तोंडं उघडी ठेवा, सकाळी लवकर मोजा आणि शेवटी पहिल्या खुंटीवर परत येऊन तिचं माप पुन्हा घ्या. फरक १ सेंमीपेक्षा जास्त निघाला तर मधे कुठेतरी चूक झाली आहे.

सगळी मापं नकाशावर मांडली की कुठे काढायचं आणि कुठे भरायचं हे दिसतं. इथे प्रामाणिक हिशोब करा. वर सांगितलेल्या ४० बाय २५ मीटरच्या मैदानाचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटर. सरासरी फक्त ५ सेंमी भराव लागला तरी दाबलेली ५० घनमीटर माती होते. दाबल्यावर माती बसते, म्हणून सैल माती ६० ते ६५ घनमीटर आणावी लागेल. ७० लिटरच्या एकचाकी गाडीने तिच्या ९०० च्या आसपास खेपा होतात. हे काम हाताने करू नका. परवानाधारक चालकासह मशीन आणि रोलर एक-दोन दिवसांसाठी मिळवा, आणि कडा, चर, वाटा, बारीक सपाटी ही कामं स्वयंसेवकांकडे ठेवा. हाताने करायचंच असेल तर एका वेळी १०० चौरस मीटरचा तुकडा घ्या. तेवढ्याला ५ सेंमीच्या भरावासाठी नव्वदएक खेपा लागतात, आणि वीस जणांना ते एका सकाळी जमतं.

खोदाईच्या आधी वरची १० सेंमी माती वेगळ्या ढिगात काढून ठेवा. गवत याच मातीत धरतं. ती भरावात गाडली तर वर नुसती निर्जीव माती उरते आणि पुढे कितीही पाणी घातलं तरी हिरवळ येत नाही.

चर

मैदानाच्या खालच्या कडेने, खेळाच्या सीमारेषेपासून किमान ३ मीटर दूर, उथळ चर काढा: वर ६० सेंमी, तळाला २० सेंमी, खोली २० सेंमी. कडा तिरक्या असू द्या, उभ्या कडा ढासळतात आणि त्यात पाय मुरगळतो. चराला स्वतःचाही उतार लागतो, १० मीटरला किमान ५ ते १० सेंमी. असा ४० मीटरचा चर म्हणजे साधारण ३.२ घनमीटर खोदाई. सवय नसलेला धडधाकट तरुण मऊ जमिनीत दिवसाला घनमीटरभर खोदतो असं धरा, म्हणजे चौघांचं एका दिवसाचं काम. खालच्या टोकापासून वर खोदत या. मधेच पाऊस आला तर खोदलेल्या भागातलं पाणी आपोआप निघून जातं.

चराचं पाणी शेवटी कुठे जाणार हे आधी ठरलेलं हवं. शेजारच्या अंगणात सोडलेलं पाणी म्हणजे भांडण. सार्वजनिक गटाराला जोडायचं तर त्याची परवानगी वेगळी.

मैदानाच्या मधोमध हटवता न येणारी खोलगट जागा असेल तर बंद चर करा: ३० सेंमी रुंद, ४५ ते ६० सेंमी खोल, आत जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं), तळाला ५ सेंमी धुतलेली खडी, त्यावर छिद्रांचा पाइप, मग पुन्हा खडी, आणि कापडाच्या कडा वरून दुमडून घ्यायच्या. कापड वाचवायचा मोह होतो, पण त्याशिवाय बारीक माती खडीत शिरते आणि चर दोन-तीन पावसाळ्यांत बुजतो. पाइपची छिद्रं दोन ओळींत असतील तर त्या ओळी खालच्या बाजूला ठेवा. लोक हमखास वर ठेवतात.

भराव आणि दबाई

नवी माती टाकण्याआधी जुना पृष्ठभाग दाताळ्याने किंवा टिकावाने ५ सेंमी खरवडून घ्या. गुळगुळीत जमिनीवर टाकलेला थर तिला चिकटत नाही आणि पहिल्याच मोसमात पापुद्र्यासारखा सुटतो. माती एका वेळी १० सेंमी सैल थरात पसरा. ती दाबून सात-आठ सेंमी होते. ३० सेंमी एकदम टाकून वर रोलर फिरवला तर वरचे काही सेंमीच घट्ट होतात आणि खालची माती पहिल्या पावसात खचते. नवीन मैदानावर जे गोल खड्डे पडतात ते बहुतेक यामुळेच.

ओलावा हाताने तपासा. मूठभर माती घट्ट दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर योग्य. भुगा झाला तर पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्या. हाताला चिकटून चकाकली तर थांबा, एक दिवस वाळू द्या. ओल्या चिकणमातीवर रोलर फिरवला की ती पायाखाली लिबलिबते आणि मग आठवडाभर काही करता येत नाही. रोलर खालच्या कडेपासून वर, उंचवट्याकडे नेत, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढवत फिरवा. कोपऱ्यात आणि खांबांजवळ धुमस (माती ठोकून बसवायचं जड हत्यार) वापरा. गवत लावायच्या जागी शेवटची १० सेंमी माती रोलरने दाबायची नाही, फक्त पायाने बसवायची.

माणसं आणि अवजारं

चाळीस जण येतात आणि फावडी आठ असतात, मग उरलेले बत्तीस जण उभे राहून कंटाळतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. हत्यारं मोजा आणि तेवढ्यांनाच बोलवा. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येक गटाला एक जबाबदार मोठा माणूस आणि एकच स्पष्ट काम. अर्ध्या तासाने खोदणारे आणि वाहणारे यांची अदलाबदल करा. कुदळ किंवा टिकाव चालवणाऱ्या दोघांत किमान २ मीटर अंतर हवं. दाताळं ठेवताना दात जमिनीकडे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि त्यांच्या हाती कोणतंही मशीन देऊ नका. गवत कापायच्या मशीनमधून दगड उडतात, म्हणून चालवणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कुणीच नको. मुलांनी एका वेळी १० किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये, घमेलं अर्धंच भरा.

पहिल्या दिवशी खोदाईआधी काचा आणि लोखंड वेचा. खांद्याला खांदा लावून ओळीने मैदान चालायचं, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. दुसऱ्या फेरीत, उन्हाचा कोन बदलल्यावर, पहिल्यांदा न दिसलेल्या काचा चमकतात. इंजेक्शनची सुई सापडली तर हात न लावता चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका. बूट बंद आणि हातमोजे जाड. धनुर्वाताची लस प्रत्येकाने घेतलेली असावी. मळकी जखम झाली आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल तर डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

उन्हात दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान नसली तरी. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणं यांपैकी काही दिसलं तर त्या व्यक्तीला लगेच सावलीत नेऊन अंग ओलं करा आणि वारा घाला. बोलण्यात गोंधळ असेल तर वैद्यकीय मदत तातडीची आहे, "बसेल थोडा वेळ" म्हणून थांबू नका.

आखणी

कोर्टाची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य मग खेळाडूच्या डोळ्यांत येत नाही. काटकोन डोळ्याने धरू नका. एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजा, तिरकं अंतर बरोबर ५ मीटर आलं की कोन खरा. नंतर कर्ण तपासा: १८ बाय ९ मीटरच्या व्हॉलीबॉल कोर्टाचा कर्ण २०.१२ मीटर यायला हवा, १३ बाय १० च्या कबड्डीच्या मैदानाचा १६.४० मीटर. दोन्ही कर्ण सारखे येत नसतील तर चौकोन वाकडा आहे. व्हॉलीबॉलच्या रेषेबाहेर चहूबाजूंनी ३ मीटर मोकळे सोडा. खांब, बाक, झाड, काहीच नको.

रेषांसाठी कळीचा चुना कधीही वापरू नका. ओल्या अंगाला तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विझवलेला चुनाही त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. खडूची किंवा संगमरवराची पांढरी पूड हीच खरी सुरक्षित फक्की.

साधनं बसवताना

फुटबॉलचे सुटे गोलपोस्ट मैदानावरची सगळ्यात धोक्याची वस्तू आहेत. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात, पोस्ट पुढे कलंडतो आणि डोक्यावर येतो. अशाने मुलं दगावली आहेत. गोलपोस्ट काँक्रीटमध्ये पक्का करा किंवा मागच्या दांड्याला जमिनीत रुतणारे अँकर लावा. खेळ नसेल तेव्हा सुटा पोस्ट तोंडावर पालथा घालून साखळीने बांधा.

झोका किंवा घसरगुंडी असेल तर खाली ३० सेंमी सैल वाळू आणि चहूबाजूंनी किमान १.८ मीटर मोकळी जागा. झोक्याच्या पुढे-मागे याहून बरीच जास्त. कठडे आणि जिन्यांतल्या फटी मोजा: ९ ते २३ सेंमीची फट घातक, कारण मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. जुन्या साधनांचा रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. टायर वापरत असाल तर प्रत्येकाला तळाशी तीन-चार भोकं पाडा, नाहीतर डासांची पैदास होते. बाकाची बैठक ४५ सेंमी उंच आणि शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी ९० सेंमी मोकळी जागा ठेवा.

गवत आणि झाडं

हरळीसारखं पसरणारं गवत काड्यांनी लावता येतं: १५ सेंमी अंतरावर, ५ सेंमी खोल, पान वर ठेवून. त्याला दिवसभर ऊन लागतं, झाडाखाली ते टिकणार नाही. जमीन झाकायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर त्या भागात खेळ पूर्ण बंद हवा. अर्धं मैदान आळीपाळीने बंद ठेवलं तर ते पाळलं जातं. पूर्ण मैदान बंद केलं तर दोरी तुटते. कापताना गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग एका वेळी कापा.

झाडं कडेला, रेषेपासून ५-६ मीटरवर आणि चरापासून लांब लावा. ६० सेंमीचा खड्डा पुरतो. रोपाचा बुंधा पिशवीत जिथवर मातीत होता तेवढाच मातीत जाऊ द्या, जास्त खोल पुरलेला बुंधा कुजतो. जितकं पाणी पुढची दोन वर्षं घालता येईल तितकीच रोपं लावा. शंभर लावून दहा जगवण्यापेक्षा पंधरा लावून पंधरा जगवा.

काम संपल्यावर

जमलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा आधीच बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी भराव कुठे ना कुठे खचतोच. नव्या पावसात पुन्हा काड्या घेऊन जा, डबक्यांच्या खुणा करा आणि ती भरायला मुरुमाचा ढीग कोपऱ्यात झाकून राखा. खड्डा भरतानाही तीच पद्धत: खरवडा, ओलवा, १० सेंमी टाका, धुमसा.

महिन्यातून एकदा दोघांनी मिळून गोलपोस्टचे अँकर हलवून बघायचे, झोक्याच्या कड्या आणि नटबोल्ट तपासायचे, चराच्या तोंडातला पाला काढायचा आणि वहीत तारखेसह सही करायची. उतारांची मापं, बंद चराचा नकाशा आणि जमिनीखालच्या लाइनच्या खुणा याच वहीत चिकटवा. हत्यारांच्या खोलीची किल्ली दोन वेगळ्या घरी ठेवा, आणि या वर्षीचे गटप्रमुख शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडण्याआधी पुढच्या तुकडीतल्या दोघांना लेव्हल नळी धरायला शिकवून घ्या.